पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी शाळेत विज्ञान शिकवीत. रोजच्या वापरातली एखादी वस्तू वर्गात आणायची आणि ती कशी चालते हे उलगडून दाखवायचे, असा त्यांचा प्रघात होता, असे विश्वस्तांनी निमंत्रण देताना मला सांगितले. त्याच वाटेने जावे म्हणून मी आज एक लहानशी गोष्ट निवडली आहे. संगणकाच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात जी वेळ दिसते ती कुठून येते, किती खरी असते, ती खरी ठेवायला कोण राबते आणि ती चुकली तर कोणाला भोगावे लागते, एवढाच आजचा विषय.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. संगणकाची वेळ ही आता ज्याची त्याची खासगी बाब राहिलेली नाही. पावती, निविदा, हजेरी, सीसीटीव्हीचे चित्रण, पतसंस्थेतली नोंद, या सगळ्यांवर कुठल्या ना कुठल्या घड्याळाचा शिक्का बसतो, आणि पुढे वाद निघाला की तोच शिक्का साक्षीला उभा राहतो. साक्षीदार खरा असावा असे आपल्याला वाटत असेल, तर घड्याळ अचूक ठेवणे हे त्या संस्थेचे कर्तव्य ठरते.

एका पतसंस्थेतली गोष्ट सांगतो. संस्थेचे नाव महत्त्वाचे नाही. तिथे दोन खिडक्यांवर दोन संगणक होते. एका सभासदाने एका खिडकीवर रक्कम भरली आणि थोड्या वेळाने दुसऱ्या खिडकीवरून त्यातली काही काढली. दुसऱ्या संगणकाचे घड्याळ सात-आठ मिनिटे मागे होते. त्यामुळे कागदोपत्री पैसे आधी काढले गेले आणि मग भरले गेले. खात्यात शिल्लक नसताना रक्कम दिलीच कशी, असा शेरा लेखापरीक्षकांनी मारला, आणि खुलासा लिहून द्यावा लागला तो रोखपाल बाईंना. त्यांनी काहीही चुकीचे केलेले नव्हते. व्हाउचर बरोबर होती, सह्या बरोबर होत्या, रोकड पैशापर्यंत जुळत होती. त्या बाईंच्या चेहऱ्यावरची घालमेल मी पाहिली आहे, आणि तेव्हापासून हा विषय माझ्यासाठी निव्वळ तांत्रिक राहिलेला नाही.

आता त्या घड्याळाच्या आत डोकावू. संगणकाच्या मुख्य पट्टीवर एका बारीक धातूच्या नळकांड्यात क्वार्ट्झचा एक स्फटिक असतो. त्याला नादकाट्याचा आकार दिलेला असतो आणि वीज मिळाली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. त्याला दोनाने पंधरा वेळा भागले की बरोबर एक उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. मनगटी क्वार्ट्झ घड्याळातही हीच जातकुळी असते. स्फटिक स्वस्त आहे, टिकाऊ आहे, पण तंतोतंत नाही. दहा लाखांत वीसची चूक त्याला माफ असते. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण दिवसाचे सेकंद ८६,४००. त्या हिशेबाने दिवसाला पावणेदोन सेकंदांपर्यंत आणि महिन्याला पाऊण मिनिटाच्या वर फरक पडतो.

शिवाय त्याला तापमान सोसत नाही. साधारण २५ अंश सेल्सिअसला तो आपल्या ठरलेल्या गतीने चालतो. त्याहून गरम झाला तरी मंदावतो आणि गार झाला तरी मंदावतो. पंचेचाळीस अंशांना दिवसाला एक सेकंदाहून अधिक मागे पडणे हा त्याचा स्वभावच आहे. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे जिन्याखालच्या बंद कपाटात ठेवलेल्या सीसीटीव्हीच्या पेटीत किती अंश होत असतील, याचा विचार करा.

संगणक बंद असताना हा स्फटिक एका चपट्या बॅटरीवर चालतो. बहुतेक ठिकाणी ती ‘सीआर २०३२’ या नावाची असते: वीस मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, तीन व्होल्ट. काही वर्षांनी ती संपते. मग यंत्र सुरू केले की तारीख एकदम कित्येक वर्षे मागे गेलेली दिसते. लोकांना वाटते इंटरनेट बिघडले, कारण एकही संकेतस्थळ उघडत नाही. खरे कारण वेगळे असते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चालणारे एक प्रमाणपत्र असते. तुमचा संगणक वीस वर्षे मागे असेल, तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलेच नाही, म्हणून तो दार उघडत नाही. दुकानात नेले तर कोणी हार्डडिस्क बदला म्हणते, कोणी सगळे फॉरमॅट करा म्हणते. अडाण्याला लुबाडायला एवढे पुरे होते. आधी तारीख पाहा, मग बॅटरी बदला. ती अगदी थोड्या पैशांत मिळते.

असे हे घड्याळ आपले आपण खरे राहूच शकत नाही. त्याला अधूनमधून दुसऱ्या, अधिक चांगल्या घड्याळाला विचारावे लागते. पूर्वी आपणही हेच करत होतो. आकाशवाणीच्या बातम्यांआधीचे ठोके ऐकून घरातले घड्याळ लावणारी पिढी या सभागृहात बसलेली आहे. रेडिओच्या लहरी प्रकाशाच्या वेगाने येतात, म्हणून त्यांना वाटेत लागलेला वेळ आपण सोडून देऊ शकत होतो. इंटरनेटवर मात्र खरी अडचण इथेच उभी राहते. निरोप वाटेत कुठे किती थांबेल याचा भरवसा नसतो. ‘आत्ता दहा वाजले’ असा निरोप माझ्यापर्यंत पोहोचेपर्यंत दहा वाजून गेलेले असतात, आणि किती गेले हे मला ठाऊक नसते.

यावरची युक्ती फार सुंदर आहे. तिच्यात शाळेतल्या गणितापलीकडे काही नाही, म्हणून ती आकड्यांनिशीच मांडतो. माझ्या संगणकाने त्याच्या घड्याळाप्रमाणे बरोबर दहा वाजता वेळेच्या सर्व्हरला निरोप पाठवला. सर्व्हरने तो त्याच्या घड्याळाप्रमाणे दहा वाजून २.०३० सेकंदांनी घेतला आणि २.०३१ सेकंदांनी उत्तर दिले. ते माझ्याकडे माझ्या घड्याळाप्रमाणे दहा वाजून ०.०६१ सेकंदांनी पोहोचले. चार नोंदी झाल्या: निघालो, पोहोचलो, परत निघालो, परत आलो. जाताना दोन घड्याळांत २.०३० सेकंदांचा फरक दिसला, येताना १.९७० चा. दोन्हींची सरासरी बरोबर दोन सेकंद. म्हणजे माझे घड्याळ दोन सेकंद मागे आहे. आणि वाटेत गेलेला वेळ? माझ्याकडे एकूण ०.०६१ सेकंद गेले, त्यातला ०.००१ सर्व्हरपाशी गेला, उरलेले ०.०६० प्रवासाचे. जाण्यातली दिरंगाई एका आकड्यात मिळवली जाते आणि येण्यातली दुसऱ्यातून वजा होते, त्यामुळे सरासरीत दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. वाटेला किती वेळ लागतो हे आधी ठाऊक असायची गरजच उरत नाही.

मात्र या युक्तीत एक गृहीत लपलेले आहे, आणि प्रामाणिक माणसाने ते उघड सांगितले पाहिजे. जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो, असे आपण धरले आहे. घाट चढायला एस.टी.ला जेवढा वेळ लागतो तेवढाच उतरायला लागेल असे नाही. तसेच निरोपाचेही होते. समजा जाताना दहा मिलिसेकंद लागले आणि येताना पन्नास, तर हिशेब वीस मिलिसेकंदांनी चुकेल, आणि तो चुकला आहे हे कळायला मार्गच नसतो. दिलासा एवढाच की ही चूक एकूण प्रवासाच्या निम्म्यापेक्षा कधी जास्त होत नाही. म्हणून वेळ शक्यतो जवळच्या सर्व्हरला विचारावी. मुंबईच्या संगणकाने दिल्लीला विचारणे हे अमेरिकेला विचारण्यापेक्षा बरे, याचे साधे कारण हे आहे.

ही पद्धत ज्यांनी घडवली ते डेव्हिड मिल्स १७ जानेवारी २०२४ रोजी गेले. वय ८५. स्मृतिव्याख्यानात त्यांचे स्मरण केलेच पाहिजे. कॅलिफोर्नियात जन्मलेल्या या मुलाला जन्मापासून काचबिंदू होता. बालपणीच्या शस्त्रक्रियेने एका डोळ्याला थोडी दृष्टी मिळाली, त्या बळावर त्यांनी मिशिगन विद्यापीठात डॉक्टरेट मिळवली. इंटरनेटच्या आरंभीच्या काळात ‘फझबॉल’ नावाचे त्यांचे प्रोग्रॅम जाळ्यातले निरोप पुढे ढकलायचे काम करीत. याच जाळ्यावर त्यांनी वेळेचे प्रयोग केले आणि सप्टेंबर १९८५ मध्ये ‘नेटवर्क टाइम प्रोटोकॉल’, म्हणजे एनटीपी, प्रसिद्ध केला. पुढे डेलावेअर विद्यापीठात शिकवत त्यांनी तो पुनःपुन्हा घासूनपुसून सुधारला. तिसरी आवृत्ती १९९२ ची, चौथी २०१० ची. उतारवयात उरलीसुरली दृष्टीही गेली, तरी हे काम त्यांनी सोडले नाही. आज जगातला जवळजवळ प्रत्येक सर्व्हर त्यांच्या गणिताने आपले घड्याळ लावतो.

मिल्स यांची खरी थोरवी वर सांगितलेल्या सरासरीत नाही. कोणाचे ऐकायचे आणि ऐकल्यावर काय करायचे, हे त्यांनी ज्या विवेकाने ठरवून दिले त्यात ती आहे.

कोणाचे ऐकायचे? एकाचे नाही. अनेक सर्व्हरना विचारायचे, प्रत्येकाच्या उत्तरासोबत त्याची संभाव्य चूक धरायची, आणि ज्या उत्तरांचे पट्टे एकमेकांवर येतात त्यांनाच खरे मानायचे. बाकीचे कितीही नामांकित असोत, ते बाजूला काढायचे. तीन सर्व्हर असतील तर एक खोटा ओळखता येतो, चार असतील तर त्यातला एक बंद पडला तरी निभावते. हे शहाणपण न पाळणाऱ्यांना १९ नोव्हेंबर २०१२ रोजी किंमत मोजावी लागली. अमेरिकेच्या नौदल वेधशाळेच्या दोन सर्व्हरनी त्या दिवशी काही काळ २००० हे साल सांगितले. या सर्व्हरपेक्षा प्रतिष्ठित नाव त्या क्षेत्रात शोधून सापडले नसते. ज्यांनी केवळ नावावर विश्वास ठेवला होता त्यांचे संगणक बारा वर्षे मागे गेले आणि कर्मचाऱ्यांना आपापल्या यंत्रात प्रवेश मिळेना.

आणि ऐकल्यावर काय करायचे? घड्याळ पुढे आहे असे कळले म्हणून काटा झटक्यात मागे घ्यायचा नाही. माणसाच्या घड्याळात ते चालते, संगणकाच्या नाही. अकरा वाजून पाच मिनिटांनी एक नोंद झाली आणि मग घड्याळ दोन मिनिटे मागे घेतले, तर पुढची नोंद आधीच्या नोंदीच्या अगोदरची ठरेल. माझी पतसंस्थेची गोष्ट आठवा. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये एक गाजलेला निबंध लिहिला. अनेक यंत्रे मिळून काम करतात तेव्हा नेमके किती वाजले यापेक्षा आधी काय घडले आणि नंतर काय, हा क्रम अधिक मोलाचा असतो, हे त्यात त्यांनी दाखवून दिले. म्हणून मिल्स यांचा प्रोग्रॅम लहानसहान चूक हळूहळू भरून काढतो. घड्याळ किंचित मंद किंवा किंचित जलद करतो, दहा लाखांत पाचशेपेक्षा जास्त कधीच नाही. एका सेकंदाची चूक अशी जिरवायला दोन हजार सेकंद, म्हणजे अर्ध्या तासाहून थोडे अधिक लागतात. मोठ्या फरकाला मात्र तो सरळ उडी मारतो, आणि फरक हजार सेकंदांच्या वर असेल तर काम थांबवून माणसाला बोलावतो. इतकी मोठी चूक आपल्या एकट्याच्या बुद्धीने दुरुस्त करू नये, हे त्यात बसवलेले आहे.

त्याहून अधिक मला भावते ती बाब अशी. स्फटिक चुकतो, पण तो रोज साधारण सारखाच चुकतो. हा प्रोग्रॅम काही तास निरीक्षण करून त्या चुकीचे माप काढतो आणि एका लहानशा फाइलीत लिहून ठेवतो. पुढे इंटरनेट गेले तरी तो त्या मापाने घड्याळ सांभाळत राहतो. आपल्याकडे खेड्यापाड्यांत जोडणी तासन्‌तास जाते, तिथे या सोयीचे मोल फार आहे. जुन्या विंडोजमध्ये मात्र घरच्या संगणकाचे घड्याळ आठवड्यातून एकदाच वेळ विचारी, आणि नेमक्या त्या क्षणी जोडणी नसली की प्रश्न तसाच पुढे ढकलला जाई.

आता सर्व्हर तरी वेळ कोणाला विचारतो? इथे पायऱ्या आहेत. शून्याच्या पायरीवर अणुघड्याळ असते, किंवा जीपीएससारख्या उपग्रहांवरून येणारी अणुघड्याळाचीच वेळ. त्याला थेट जोडलेला सर्व्हर पहिल्या पायरीवर, त्याला विचारणारा दुसऱ्या, असे पंधरापर्यंत. सोळा म्हणजे ‘मी कोणाशीच जुळलेलो नाही’ अशी कबुली. भारताची अणुघड्याळे नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहेत. सिझियमचा अणू ९,१९,२६,३१,७७० आवर्तने करतो तेवढा काळ म्हणजे एक सेकंद, अशी व्याख्या १९६७ पासून जगाने मानली आहे. निरनिराळ्या देशांच्या प्रयोगशाळांतल्या चारशेहून अधिक घड्याळांचा हिशेब पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजन-मापे कार्यालयात होतो आणि तुमचे घड्याळ मागच्या महिन्यात किती पुढेमागे होते, याचे पत्रक महिन्याला निघते. म्हणजे सर्वांत वरच्या पायरीवरही कोणी एक घड्याळ सर्वज्ञ नाही. तिथेही एकमेकांना विचारूनच वेळ ठरते.

वेळ कोणाची मानायची हा प्रश्न मुंबईकरांना नवा नाही. कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये सुरू झाली. बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ पुरवणे हे तिच्या कामांपैकी एक होते. बाळशास्त्री जांभेकर आणि केरूनाना छत्रे, या दोघांचाही त्या वेधशाळेशी संबंध होता. आपल्या भाषेत विज्ञान आणणारी ही माणसे घड्याळाच्या अचूकतेशी इतक्या जवळून जोडलेली होती, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. पुढे १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती. रेल्वे आणि तारखाते नव्या वेळेने चालू लागले, पण शहराने ती सहज स्वीकारली नाही. गिरणी कामगारांनी विरोध केला, कारण भोंगा ३९ मिनिटे आधी वाजणार आणि झोप त्यांची मोडणार होती. मुंबईची वेळ पार १९५५ पर्यंत टिकली. त्या हट्टाला हसणे सोपे आहे. मी त्याकडे आदराने पाहतो. घड्याळात किती वाजवायचे हा सत्तेचा प्रश्न असतो, आणि त्याचा भार कोणाच्या पाठीवर पडतो, हे त्या कामगारांनी अचूक ओळखले होते.

तो भार आज नोंदींच्या रूपाने येतो. ई-निविदेचे उदाहरण घ्या. शासनाच्या निविदा संकेतस्थळावर शेवटची वेळ ठरते ती तिथल्या सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे, आणि ते घड्याळ निविदाकाराला पडद्यावर दाखवलेले असते. तुमच्या कार्यालयातले घड्याळ दोन मिनिटे मागे असेल आणि तुम्ही त्याच्या भरवशावर बसलात, तर आठवड्याची मेहनत वाया जाते आणि दाद मागायला जागा राहत नाही. मोबाइलवर दर तीस सेकंदांनी बदलणारा सुरक्षा-अंक तयार करणारी ॲप आहेत. तो अंक वेळेवरूनच काढलेला असतो. फोनचे घड्याळ हाताने पुढेमागे केले की अंक जुळत नाही, आणि माणूस आपला पासवर्ड चुकला असे समजून बसतो.

सर्वांत गंभीर बाब सीसीटीव्हीची. सोसायटीत कॅमेरे बसवले जातात तेव्हा कारागीर आपल्या फोनकडे पाहून वेळ लावतो. त्यानंतर त्या पेटीला कोणी विचारत नाही. दोन-तीन वर्षांत ती वीस-पंचवीस मिनिटे सरकू शकते. मग एखादी चोरी किंवा अपघात होतो. चित्रणात एखादा तरुण ९ वाजून ४० मिनिटांनी फाटकातून जाताना दिसतो, आणि घटना साडेनऊची असते. प्रत्यक्षात तो सव्वानऊलाच गेलेला असेल तर? एका निर्दोष माणसाचे आयुष्य त्या पंचवीस मिनिटांवर टांगले जाते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राचा नमुना त्याच्या अनुसूचीत आहे आणि त्यात वेळेच्या रकान्यापाशी भारतीय प्रमाणवेळ असा उल्लेख छापलेला आहे. कागदावर प्रमाणवेळ आणि पेटीत मनमानी वेळ, ही विसंगती दूर करायला पंचनाम्यात दोन आकडे लिहिले तरी पुरे: चित्रण घेताना पेटीचे घड्याळ काय दाखवत होते आणि त्या क्षणी प्रमाणवेळ काय होती. तपास अधिकाऱ्यांनी हा रिवाज कटाक्षाने पाळावा, आणि वकिलांनी तो पाळला गेला की नाही हे विचारावे.

सरकारचे याकडे लक्ष गेले आहे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. सेवा पुरवणाऱ्या कंपन्या, डेटा सेंटर, कंपन्या आणि शासकीय कार्यालये यांनी आपल्या यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, अथवा त्यांच्यापर्यंत माग लागेल अशा सर्व्हरशी जुळवलीच पाहिजेत, असे त्यात म्हटले आहे. यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपायलाही सांगितले आहे. या दोन अटी एकत्र वाचायला हव्यात. वेळ चुकीची असेल तर जपलेल्या नोंदी जुळवून सायबर चोराचा माग काढता येत नाही. भारतीय प्रमाणवेळ व्यवहारात बंधनकारक करणाऱ्या नियमांचा मसुदाही जानेवारी २०२५ मध्ये लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध झाला. हे योग्य पाऊल आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही सगळे सरकारवर सोडून चालणार नाही. एनटीपीचा मोठा भाग सेवाभावावर उभा आहे. २००३ मध्ये काही जणांनी आपापले सर्व्हर एकत्र करून सर्वांना मोफत वेळ देणारा एक सामायिक साठा सुरू केला. तो आजही चालतो आणि असंख्य यंत्रे त्यातून वेळ घेतात. त्याच २००३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठावर काय ओढवले ते पाहा. नेटगिअर कंपनीच्या काही राउटरांत विद्यापीठाच्या वेळ-सर्व्हरचा पत्ता न विचारता कोरून ठेवलेला होता, आणि उत्तर मिळाले नाही तर यंत्र दर सेकंदाला पुन्हा विचारी. अशी लाखो यंत्रे विकली गेली आणि विद्यापीठाच्या जोडणीवर प्रश्नांचा लोंढा आदळू लागला. पुढे कंपनीने चूक दुरुस्त करायला विद्यापीठाशी सहकार्य केले, पण विकलेली यंत्रे परत येत नसतात. पाणवठा सामायिक असतो तेव्हा तो वापरण्याचीही रीत असते. आपल्या संस्थेत शंभर संगणक असतील तर शंभरांनी बाहेर विचारू नये. एका-दोघांनी बाहेर विचारावे आणि बाकीच्यांना घरात वेळ द्यावी.

लीप सेकंदाबद्दल थोडक्यात सांगतो. पृथ्वीचे फिरणे अणुघड्याळाइतके काटेकोर नाही, म्हणून १९७२ पासून २७ वेळा एक जादा सेकंद घालावा लागला. भारतात तो पहाटे साडेपाचला येतो. १ जुलै २०१२ च्या अशा सेकंदाने जगभर अनेक लिनक्स सर्व्हर अडखळले. शेवटचा सेकंद १ जानेवारी २०१७ च्या पहाटे आला. २०३५ पर्यंत ही प्रथा थांबवायचे आता आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरले आहे.

त्याच सुमारास दुसरी एक तारीख येते आहे आणि तिची तयारी आजपासून हवी. एनटीपी १ जानेवारी १९०० पासूनचे सेकंद मोजते. त्यासाठी ठेवलेली जागा ७ फेब्रुवारी २०३६ रोजी, आपल्याकडे सकाळी ११ वाजून ५८ मिनिटे १६ सेकंदांनी भरेल आणि मोजणी शून्यावर येईल. पाठोपाठ १९ जानेवारी २०३८ रोजी ३२ बिटांच्या जुन्या युनिक्स प्रणालींची मोजणी संपेल. नीट बनवलेले प्रोग्रॅम हे दोन्ही टप्पे पार करतील. प्रश्न भिंतीवर लटकलेल्या, वर्षानुवर्षे कोणी हात न लावलेल्या स्वस्त यंत्रांचा आहे. आज नगरपालिका जे मीटर, कॅमेरे आणि सिग्नलचे नियंत्रक घेत आहेत, त्यातले पुष्कळसे तेव्हाही चालू असतील. खरेदीच्या अटींमध्ये या दोन तारखांचा उल्लेख असावा, एवढे तरी इथे बसलेल्या नगरसेवकांनी आणि अभियंत्यांनी पाहावे.

शेवटी सर्वांना एक विनंती. येत्या सोमवारी आपापल्या कार्यालयात, शाळेत, पतसंस्थेत, सोसायटीत गेलात की एक कागद घ्या. मोबाइलची वेळ नेटवर्ककडून आपोआप येऊ द्या आणि तो हातात धरून प्रत्येक संगणक, हजेरीचे यंत्र आणि सीसीटीव्हीची पेटी किती पुढे वा मागे आहे ते लिहून काढा. इंटरनेट असलेली यंत्रे थोडी असतील तर त्यांच्या, आणि पुष्कळ असतील तर बाहेर विचारणाऱ्या एका-दोघांच्याच सेटिंगमध्ये वेळेच्या सर्व्हरपैकी एक म्हणून ‘टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी’ हे राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे नाव घाला. ज्यांना इंटरनेट नाही त्यांची वेळ दर महिन्याच्या पहिल्या तारखेला हाताने लावा, आणि लावण्याआधी फरक किती होता ते तारखेनिशी वहीत नोंदवून खाली सही करा. ती वही संस्थेच्या दप्तरात ठेवा. मागेल त्या सभासदाला ती दाखवा.